भीमथडीचं तट्टू, एम-सीलचे पाय

नेलपॉलिश रिमूव्हरनं घोडा विरघळतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

रविवारची दुपार होती, बायको माहेरी निपाणीला गेलेली, मी तिच्या ड्रॉवरमधली बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि शोकेसमधल्या एका प्लॅस्टिकच्या घोड्याच्या पुठ्ठ्यावरचा कंपनीचा रंग काढायला बसलो. पहिले दोन हात मस्त गेले, रंग भराभर सुटायला लागला, मी आपला खूश. तिसऱ्या हाताला कापूस अडकला. ओढला तर तारा निघाल्या, पाकाच्या निघतात तशा, चांगला दोनतारी. तोवर माझ्या अंगठ्याचा ठसा घोड्याच्या मांडीत कायमचा उमटलेला. मग शोधाशोध केली तेव्हा कळलं की ह्या घोड्याचं प्लॅस्टिक म्हणजे सेल्युलोज ॲसिटेट, कापसाच्या नाहीतर लाकडाच्या लगद्यापासनं करतात, चष्म्याच्या चांगल्या जाड फ्रेमी ज्याच्या असतात तेच, आणि रिमूव्हरमधलं ॲसिटोन त्याला सरळ पातळ करून सोडतं. बाटलीवर बारीक अक्षरात काय काय लिहिलेलं असतं, पण घोड्याला लावू नका असं नसतं की.

तर हा छंद. मॉडेल हॉर्स, म्हणजे खऱ्या घोड्यांच्या छोट्या प्रतिकृती. आमच्या गल्लीत ह्याला "त्याचं ते घोड्याचं येड" म्हणतात आणि मला ते नाव जास्त पटतं. आत्ता शोकेसमध्ये ३७ आहेत. खालच्या दोन फळ्या माझ्या, वरची बायकोच्या काचेच्या भांड्यांची, अशी तहनाम्यानं ठरलेली हद्द आहे, आणि आपल्याकडं हद्दीचे वाद किती लांबतात ते बेळगावकराला काय सांगायचं, त्यामुळं मी ती पाळतो.

सुरुवात मुलीच्या नावानं झाली. मावसभाऊ अमेरिकेतनं येताना तिला ब्रेयर कंपनीचा एक घोडा घेऊन आला. नऊ इंच उंच, फूटभर लांब, खऱ्या घोड्याच्या एक नवमांश. पोरीनं दोन दिवस खेळवला आणि मग तिला त्याच्यावर बसायला बाहुली मिळेना म्हणून सोडून दिला. मी उचलला. मी उद्यमबागेत पॅटर्न शॉपमध्ये असतो, फाउंड्रीला लागणारे पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचे नमुने, बनवायचे, पार्टिंग लाइन म्हणजे साच्याच्या दोन अर्ध्यांचा जोड कुठनं न्यायची, ड्राफ्ट म्हणजे कडेचा उतार किती द्यायचा, दिवसभर हेच. तेव्हा मी काय केलं तर घोडा उलटा करून पोट बघितलं. जोड कुठं आहे? सापडेना. दोन अर्धी अंगं डायमध्ये इंजेक्शननं काढलेली, मग चिकटवलेली, आणि जोड घासून घासून असा मारलेला की छातीच्या मधनं नख फिरवलं तेव्हा कुठं लागला. त्याच्यावर एअरब्रशनं रंग, डोळ्याला वेगळं ब्रशकाम. शिरा दिसतात हो. गालाखालची, पायावरची. त्या दिवशी जेवण गार झालं.

ब्रेयरची जन्मकथा मला तर फार आवडते कारण ती आमच्याच धंद्यातली आहे. शिकागोत ब्रेयर मोल्डिंग कंपनी म्हणून प्लॅस्टिकचं काम करणारं युनिट होतं. १९५० मध्ये मास्टरक्राफ्टर्स नावाच्या घड्याळवाल्यांनी त्यांच्याकडनं एक घोडा करून घेतला, टेबलावरच्या घड्याळावर उभा करायला. मोल्डच्या पैशाच्या बदल्यात मोल्डच ब्रेयरकडं राहिला असं सांगतात. (पार्टीनं बिल थकवलं की पॅटर्न आमच्याकडं अडकतो, आमच्या माळ्यावर असे कितीतरी पडलेत, पण त्यातनं कधी काही निघालं नाही, पंपाची केसिंगं कोण शोकेसमध्ये ठेवणार.) मग लोक घड्याळ सोडून घोडाच मागायला लागले आणि ती कंपनी घोडेवालीच झाली. त्यांचे बरेच जुने घोडे क्रिस हेस नावाच्या एकाच शिल्पकारानं केलेले आहेत. १९८४ पासनं ती रीव्ह्ज इंटरनॅशनलकडं आहे, आणि १९९० पासनं केंटकीत लेक्सिंग्टनच्या हॉर्स पार्कमध्ये दरवर्षी ब्रेयरफेस्ट भरतो. आपल्याकडं चिंचलीच्या मायाक्काला लोक जातात तशी तिकडं गर्दी, फक्त नैवेद्याच्या जागी क्रेडिट कार्ड.

जमवणं समजायला सोपं आहे. लोकांना कळत नाही ते शो. "शो म्हणजे काय, पळवताय काय त्यांना?" असं आमच्या ऑफिसच्या क्लार्कनं विचारलेलं. तर शो म्हणजे खऱ्या घोड्यांचं प्रदर्शन असतं तसंच सगळं, पण टेबलावर. घोडा मांडायचा, पायाला दोऱ्यानं इवलासा टॅग बांधायचा, त्यावर घोड्याचं नाव, जात, नर का मादी, मालक. जज टेबलाभोवती फिरतो. कंपनीचा रंग तसाच असलेले घोडे वेगळे, कापून-वाकवून-रंगवून बदललेले म्हणजे कस्टम वेगळे, आर्टिस्ट लोकांनी रेझिनमध्ये थोड्याच नगांचे ओतलेले वेगळे, चिनी मातीचे वेगळे. एकाच घोड्याला जातीसाठी वेगळे मार्क आणि कारागिरीसाठी वेगळे. अमेरिकेत नामसा म्हणून त्यांची संघटना आहे, तिच्या शोमध्ये पहिल्या दोन नंबरांना कार्ड मिळतं आणि त्या कार्डावर नॅशनलला जाता येतं. ते सगळं समोरासमोरच्या शोचं. आमच्यासारख्यांना फोटो शो, फोटो पाठवायचा आणि वाट बघायची.

आणि जज काय बघतो म्हणता? पाय. सगळ्यात आधी पाय. चालणारा घोडा असेल तर चारी टापा वेगवेगळ्या पडल्या पाहिजेत, दुडकीत असेल तर एक पुढचा आणि त्याच्या तिरका मागचा असे दोन पाय एकदम. त्यात चूक असली की रंग कितीही भारी असू दे, मागं. मग कान, खुरांचा कोन, आयाळ आणि शेपूट एकाच वाऱ्यानं उडतात का. आयाळ डावीकडं आणि शेपूट उजवीकडं उडालेला घोडा मी स्वतः विकत घेतलाय, चार महिन्यांनी लक्षात आलं, तेव्हापासनं त्याच्याकडं बघवत नाही.

आता त्या विरघळलेल्या घोड्याचं. तो एक क्लासिक साइझचा, म्हणजे एक बारांश, सहा-साडेसहा इंचाचा, पुण्याच्या एका बाईंकडनं सेकंडहॅंड घेतलेला. त्यांनी पॅकिंग झकास केलेलं, पण कुरिअरवाल्यांनी डबा कशाखाली घातला देव जाणे, उघडला तर मागचा उजवा पाय ढोपरातनं गेलेला आणि एका कानाचं टोक गायब. फोन केला तर पॅकिंग नीट नव्हतं म्हणाले, परत केला तर फोटो पाठवा म्हणाले, पाठवले, त्याला आता वर्ष होईल. शोच्या दृष्टीनं असा घोडा म्हणजे मेलेलाच. छंदातली माणसं त्याला "बॉडी" म्हणतात. पण बॉडीचा एक फायदा असतो, कापायला हात कचरत नाही. आणि माझ्या डोक्यात एक तट्टू दोन वर्षं फिरत होतं.

भाताची कापणी झाली की आमच्याकडं खानापूर रस्त्याला, मच्छेच्या पुढं, धनगरांची खिल्लारं उतरतात. शेतकरी मेंढरं बसवून घेतात रानात, रात्रभर बसली की खत होतं. कामावरनं येताना मी गाडी थांबवून बघत राहतो. मेंढरांच्या मागनं तट्टू येतं. उंची कमी, छाती आखूड, पाठ थोडी दबलेली, पोट सुटलेलं, खूर मात्र काळे आणि दगडासारखे, आणि त्याच्यावर अख्खं बिऱ्हाड. खाली घोंगड्याची घडी, त्यावर दोन्ही अंगांना पोती, वर मेंढरांभोवती लावायची वाघर गुंडाळलेली, तिच्यात खोचलेल्या काठ्या, भांड्यांची चुंगडी, वर एखादं नुकतं जन्मलेलं कोकरू मान काढून बसलेलं, आणि कोंबडी. आणि हे सगळं घेऊन ते आपलं आपण चालतंय. दोरी गळ्यात गुंडाळलेली, धरलेलं कुणी नाही. ट्रक आला की डांबरीवरनं खाली उतरतं, गेला की परत वर.

हीच भीमथडी. "भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजलं" असं शाळेत घोकलं सगळ्यांनी, पण ते तट्टू रस्त्यावर समोर उभं असलं तर कुणी ओळखत नाही. भीमेच्या थडीचं म्हणून भीमथडी. मराठ्यांचं घोडदळ ज्यांच्यावर धावलं तीच ही जात. कर्नालच्या पशु आनुवंशिक ब्युरोनं तिला वेगळी जात म्हणून नोंद दिली तीसुद्धा अलीकडं कुठं. मारवाडी, काठियावाडी घोड्यांचं कौतुक जगभर आहे, आत वळून टोकाला टोक लागलेले ते कान फोटोत छान दिसतात. आमच्या तट्टाला कान साधे, रंग बहुतेक धुळीचा. प्लॅस्टिकमध्ये त्याला कोण करतंय. म्हटलं आपण करू.

ॲसिटोनचा प्रताप झाल्यावर मांडी तशीही गेलीच होती. रंग नंतर पॉलिशपेपरनं काढला, गपचूप. मग मान कापली. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घेऊन गळ्यातनं आडवी, आणि तीन मिलीमीटर खाली आणून बसवली कारण ओझ्याचं जनावर मान वर करून चालत नाही. पायांना हेअर ड्रायरनं गरम करायचं, मऊ झाले की वाकवायचे आणि लगेच गार पाण्यात बुडवायचे. मोडलेल्या पायात पिन व्हाइसनं भोक पाडून दीड मिलीमीटरची तार घातली आणि वर एम-सील. तिकडचे लोक ह्यासाठी महागडी इपॉक्सी पुटी वापरतात, इथं मागवायची तर घोड्यापेक्षा टपाल जड, आपलं एम-सील काय वाईट आहे? नळाची गळती थांबवतं ते घोड्याचा पाय धरणार नाही होय. मळल्यावर अर्ध्या तासाच्या आत जो काय आकार द्यायचा तो द्यायचा, बोट ओलं करून गुळगुळीत करायचं. पोट, मानेवरचं मांस, खूर सगळं त्याचंच. त्यामुळं हे तट्टू आता अर्धं अमेरिकन ॲसिटेट आणि अर्धं आमच्या गल्लीतल्या हार्डवेअरचं आहे.

पावसाळ्यात रंगवायला घेतलं ही दुसरी चूक. बेळगावचा जुलै तुम्हाला माहीत आहे, चादरी वाळत नाहीत तिथं व्हार्निश काय वाळणार. मॅट स्प्रे मारला आणि सकाळी बघतो तर घोड्यावर पांढरं धुकं, आंबोलीत असतं तसं. हवेतली ओल व्हार्निशमध्ये अडकते. परत घासला. शेवटी सप्टेंबरात एक कोरडा आठवडा मिळाला तेव्हा उरकलं. ॲक्रिलिकचे पातळ हात, त्यावर खडूच्या पेस्टलची पूड कोरड्या ब्रशनं. पोटाच्या कडेला पट्टा घासून केस गेलेत तिथं पांढुरकी रेघ, गुडघ्याला धूळ. ते पांढुरकं मात्र मला स्वतःला आवडलंय, खोटं कशाला बोलू.

मग सामान. इथं मी जे शिकलो ते आधी कळायला पाहिजे होतं. मला वाटलं खरं वापरलं की खरं दिसणार. आजीच्या जुन्या घोंगड्याचा तुकडा कापून तट्टाच्या पाठीवर टाकला. दिसलं काय, तर गोणपाट. कारण खऱ्या घोंगड्याचा धागा एक बारांश होत नाही ना, तो तेवढाच राहतो, आणि सहा इंची घोड्यावर तो दोरखंडासारखा जाड दिसतो. शेवटी जुन्या फ्लॅनेलच्या शर्टाची बाही काळ्या चहात बुडवून, वाळवून, टूथब्रशनं घासून लव काढली, ते घोंगडं झालं. पट्ट्याचं तसंच. अथणीच्या कोल्हापुरी चपला करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडनं चामड्याचे कात्रण आणले, पण ते दोन मिलीमीटर जाड. त्यांनीच रापीनं तासून दिलं, इतकं पातळ की उजेडाला धरलं तर बोट दिसेल. रापीचा एक हात, एकच, आणि कातडं कागद. मी तसं करायला गेलो तर तीन तुकडे वाया आणि एक बोट. वाघरीला वडगावच्या मागावरचा दोरा आणून क्रोशाच्या सुईनं जाळी विणली, तीही बायकोनं, मी नाही, हे लिहिलंच पाहिजे कारण ती हे वाचते.

मधेच एक गोष्ट. माझा मित्र आहे, सिलिकॉन मोल्ड, रेझिन कास्टिंग सगळं येतं त्याला. शोकेसमधला एक रेझिनचा अरबी घोडा बघून म्हणाला, "गड्या, ह्याचा मोल्ड एका रात्रीत काढतो की, दहा ओतू, आठ विकू." करता येतं, मला पण येतं, त्यात अवघड काहीच नाही. पण ह्या छंदात रिकास्ट म्हणजे सगळ्यात मोठी शिवी आहे. एखादी शिल्पकार वर्षभर बसून मूळ घोडा करते, थोडेच नग ओतते, त्यावर तिचं पोट. चोरीचा कास्ट चांगल्या शोमध्ये टेबलावर चढवू देत नाहीत. मी त्याला म्हटलं, तुझा पॅटर्न दुसऱ्या शॉपनं ढापला तेव्हा तू सहा महिने शिव्या घालत होतास ते आठव. गप्प बसला, आणि मग म्हणाला, "चहा तरी सांग."

दिवाळीला आमच्या गच्चीवर पोरांचा किल्ला असतो. मी त्याच दिवशी पोरांसाठी छोटा शो ठेवला. गल्लीतली नऊ पोरं, ज्याला जो घोडा मिळेल तो घेऊन आली, सावंतवाडीचा लाकडी, किल्ल्यावरच्या मावळ्याचा मातीचा, एकानं चावीची घोडागाडी आणली. सगळ्यांना पायात टॅग बांधले. जज म्हणून थोरले काका. काकांचा टांगा होता स्टेशनवर, रिक्षा वाढल्या तसा बंद झाला. त्यांनी माझा सगळ्यात महागडा ब्रेयर हातात घेतला, गळा बघितला, कपाळ बघितलं, चष्मा वर करून परत बघितलं.

"भोवरे कुठं हायत ह्याचे?" भोवरे म्हणजे अंगावरच्या केसांचे वळसे, गळ्यावरचा तो देवमण, जुनी माणसं त्यावरनं घोडा पारखतात.

"काका, ह्यांना भोवरे नसतात."

"देवमण नाही, काही नाही. बिनभोवऱ्याचं जनावर दारात बांधू नये लेका." आणि बाद. पहिला नंबर मातीच्या घोड्याला दिला, कारण त्याला चारी पाय पांढरे आणि तोंडावर पट्टा होता, पंचकल्याणी. तो पांढरा रंग कुंभारानं ब्रश झटकताना पडलेला असणार, पण काकांपुढं कोण बोलणार. मी मात्र त्या रात्री बसून तट्टाच्या गळ्यावर सुईनं एक बारीक भोवरा कोरला. कुठल्याच जजला तो दिसलेला नाही आजवर.

फोटो काढायला तोच किल्ला वापरला. माती खरी, दगड खरे. फक्त किल्ल्यावर पोरांनी मोहरी पेरलेली आणि ती दोन इंच आलेली. आता दोन इंच म्हणजे ह्या घोड्याच्या मापानं दोन फूट. पहिल्या फोटोत माझं तट्टू कुणाच्या तरी उभ्या पिकात शिरल्यासारखं दिसत होतं, शेतकऱ्यानं धनगराला काठीनं झोडला असता. म्हणून कात्री घेऊन मोहरी पाव इंचावर आणली, भाताच्या धसकटासारखी. मुलगी दोन दिवस बोलली नाही. कॅमेरा घोड्याच्या डोळ्याच्या उंचीला ठेवायचा, म्हणजे मी गच्चीवर पालथा, आणि शेजारच्या काकू कपडे वाळत घालता घालता विचारतायत, "काय सापडलं का?"

डिसेंबरात फोटो शोला पाठवला. परफॉर्मन्स विभागात, म्हणजे सामान घालून काम करताना दाखवलेले घोडे. चौथा नंबर. आणि खाली जजबाईंची टीप, की काम सुंदर आहे पण दोरी सुटी आहे, जनावराला कुणी धरलेलं नाही, हे धोक्याचं दिसतं, म्हणून मार्क कमी केले. चूक त्यांची नाही, त्यांच्याकडं सुटी दोरी म्हणजे पाय अडकून पडायची भीती, त्यावर मार्क जाणारच. पण आमच्याकडं ते तट्टू असंच चालतं हो! ह्यावर उपाय असतो, शेजारी एक माहितीचं कार्ड ठेवायचं, की ही प्रथा कुठली, असं का. मी आळस केला होता. मला वाटलं बघितल्यावर कळेल. खानापूर रस्त्यावरनं रोज येणाऱ्याला कळतं ते ओहायोत बसलेल्या बाईला कसं कळणार.

कार्ड करायचं तर फोटो पाहिजे म्हणून जानेवारीत परत रस्त्याला गेलो. धनगरांचा एक वाडा, म्हणजे तळ, उतरला होता, चूल पेटलेली. मोबाइलमधला माझ्या तट्टाचा फोटो दाखवला. बाप्यांनी बघितला, एकानं विचारलं केवढ्याला, मी आकडा सांगितला तर तो नुसता माझ्याकडं बघत राहिला. मग चुलीजवळच्या मावशींनी मोबाइल घेतला, लांब धरला, जवळ धरला. मला वाटलं आता मानेबद्दल बोलतील, नाहीतर ओझ्याबद्दल.

"दादा, कोंबडी अशी कशी बसली?"

"कशी म्हणजे?"

"राजावानी बसलीया की. उडून जाईल न्हवं. पाय बांधत्यात तिचं. दोन्ही पाय सुतळीनं बांधायचं आन् आडवी टाकायची पोत्यावर, मग ती गप ऱ्हाती."

आणि त्यांनी आत हाक मारून एक खरी कोंबडी आणून दाखवली, पाय बांधून, आडवी. मान बाजूला टाकून एक डोळा आकाशाकडं. खरंच गप पडून राहिली.

घरी आलो, ब्लेडनं कोंबडी उपटली. ती दीड इंचाची कोंबडी मी तीन संध्याकाळी बसून केली होती, तुऱ्यासकट. नवीन केली, आडवी, मान एका बाजूला, पायांना मागावरच्या दोऱ्याचे दोन वेढे. कार्ड लिहिलं, इंग्रजी तपासायला पुतणीला दिलं, त्यात भीमथडी म्हणजे काय, धनगर कोण, दोरी सुटी का, सगळं आलं. मार्चच्या शोला पाठवलं. दुसरा नंबर! दोरीबद्दल एक शब्द नाही. घरात मी कुंदा आणला, गल्लीत वाटला, काकांना पण दिला, ते म्हणाले भोवरा घातलास म्हणून आला.

टीप रात्री नीट वाचली. जजबाईंनी माहितीचं कौतुक केलंय, वाघरीच्या जाळीचं कौतुक केलंय (बायकोला वाचून दाखवलं, दोनदा), आणि शेवटी काळजीनं विचारलंय की ओझ्यावरची कोंबडी आजारी आहे का, का मेलेली आहे, कारण तसं असेल तर ते बघणाऱ्याला त्रासदायक वाटू शकतं.

कार्डावर आता आणखी तीन ओळी वाढल्यात, सगळ्या कोंबडीच्या.